मुद्दाम की चुकून

रविवार, रात्र

दुपारी सापशिडीवरून मोठं रण माजलं. नऊ वर्षांच्या भाचीनं हळूच आपली सोंगटी एक घर पुढे सरकवली. तेवढ्यात पाच वर्षांच्या धाकट्याचं कोपर लागून अख्खा पट उधळला. जास्त चूक कोणाची, असं मी विचारलं तर धाकटा डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, "माझी. आत्या, माझ्यामुळे सगळंच सांडलं. ताई एकच घर गेली." थोरली जरा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "त्यानं मुद्दाम नाही केलं. मी केलं."

मुलांच्या विचारांचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे मुलांना जवळजवळ हाच प्रश्न विचारत. एका मुलानं दार उघडलं, मागे ट्रे होता हे त्याला ठाऊक नव्हतं, १५ कप फुटले. दुसरा चोरून जॅम काढायला गेला आणि एक कप फुटला. जास्त वाईट कोण? लहान मुलं १५ कपांकडे बोट दाखवत, नऊ-दहाची मुलं हेतू बघत. हे १९३२ सालचं काम. पुढच्या संशोधकांनी दाखवून दिलं की हेतू नीट उलगडून सांगितला तर तीन-चार वर्षांची मुलंही तो लक्षात घेतात.

म्हणूनच धाकट्याला अजून काही कळत नाही, असं म्हणायला मी तयार नाही. मानसशास्त्रज्ञ इलियट ट्यूरिएल यांची एक युक्ती मला फार आवडते. बाईंनी परवानगी दिली तर वर्गात इकडेतिकडे भटकलेलं चालेल का? चालेल, म्हणतात मुलं. आणि बाईंनी परवानगी दिली तर दुसऱ्याला मारलेलं चालेल? नाही! बालवाडीच्या वयातसुद्धा. दुसऱ्याला लागतं, हे कारण त्यांना कोणाच्या हुकुमाशिवाय दिसतं. मानसशास्त्रज्ञ लॉरेन्स कोलबर्ग यांनी मांडलेल्या नैतिक वाढीच्या पायऱ्यांत या वयाची मुलं शिक्षेच्या भीतीनंच वागतात असं चित्र उभं राहतं, ते मला अपुरं वाटतं. कोलबर्ग यांनी १९५८ च्या प्रबंधात अभ्यासासाठी फक्त मुलगेच घेतले होते, हेही विसरता येत नाही.

मोठ्यांचा हात यात किती, हा विचार मात्र डोक्यातून जात नाही. महागाची वस्तू फुटली की आवाज चढतो, स्वस्तातली फुटली की "असू दे". मग मुलानं नुकसान मोजायचं नाही तर काय करायचं? पियाजेंनाही हेच वाटत होतं: वरून आलेल्या धाकातून आज्ञाधारकपणा येतो, न्यायाची समज बरोबरीच्या सवंगड्यांशी भांडता-मिटवताना येते. रडीचा डाव कोणी खेळायचा नाही, हे मुलं एकमेकांनाच पटवतात. आपण मध्ये पडून निकाल दिला की ती संधी हुकते.

आणखी एक गोष्ट. दुसऱ्याचं खेळणं पळवणाऱ्या मुलाला कसं वाटत असेल, असं विचारलं तर चार-पाच वर्षांची बरीच मुलं सांगतात, "छान वाटतंय, त्याला खेळणं मिळालं ना." पळवणं वाईट, हेही तीच मुलं ठामपणे सांगतात. सात-आठच्या सुमाराला उत्तर बदलतं, त्याला आता वाईट वाटत असणार, असं म्हणू लागतात. चूक कळणं आधी येतं, टोचणी मागाहून. एवढ्याशा पोराला आपण दरडावून विचारतो, "लाज नाही वाटत?" त्याचं खरं उत्तर "नाही" असं असू शकतं, आणि त्यात निगरगट्टपणा मुळीच नसतो.