तुम्ही विचारलंत म्हणून: संसद विरोधकांची, मग राष्ट्राध्यक्ष करणार काय?

कॉलेजात राज्यशास्त्र शिकवलं म्हणून हा प्रश्न माझ्याकडे फिरून फिरून येतो, ग्वाल्हेरच्या लष्कर भागातले शेजारी विचारतात, जुने विद्यार्थी विचारतात, आणि न्यू जर्सीतला भाचा तर दर निवडणुकीनंतर फोन करून विचारतो, की मामा, राष्ट्राध्यक्ष नवीन आला पण काँग्रेस (म्हणजे तिकडची संसद, आपला पक्ष नव्हे) विरोधकांच्या ताब्यात असली तर तो बिचारा चार वर्षं नुसता बसून राहणार का?

नाही. आणि हे समजायला ग्वाल्हेरच्या माणसाला अमेरिकेत जायची गरज नाही. 2022 ला आपल्याकडे महापौरपदाची थेट निवडणूक झाली, काँग्रेसच्या शोभा सिकरवार निवडून आल्या, 57 वर्षांनी काँग्रेसचा महापौर झाला, आणि त्याच मतमोजणीत 66 वॉर्डांच्या परिषदेत बहुमत मिळालं भाजपला. तेच लोक, तोच दिवस, दोन वेगळी बटणं. आता महापौर आपली मेयर इन काउंसिल (म्हणजे महापौराचं छोटं मंत्रिमंडळच) बनवणार, पण बजेट मंजूर करणार परिषद. दिल्लीत किंवा भोपाळला बहुमत गेलं की सरकार गेलं, इथे तसं होत नाही, महापौर तिथेच आणि समोर बसलेले पार्षदही (नगरसेवक) तिथेच. अमेरिकेत नेमकं हेच आहे, फक्त मोठ्या मापात.

एकट्याच्या हातात काय असतं ते आधी सांगतो. सगळ्यात मोठी गोष्ट काँग्रेसने पास केलेल्या कायद्याला नकार, म्हणजे व्हेटो. तो मोडायला दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं लागतात आणि ती जमवणं फार अवघड, थोरल्या बुशनी (ते रिपब्लिकन पक्षाचे) 1989 ते 1993 मध्ये 44 व्हेटो केले, दोन्ही सभागृहं पूर्ण वेळ विरोधी डेमोक्रॅट्सची, तरी मोडला गेला फक्त एक. बाकी परराष्ट्र धोरण आणि सहीचे आदेश, पण सहीने केलेलं पुढचा माणूस सहीनेच पुसतो, म्हणून त्यावर मी फार भर देत नाही.

टिकतं ते कायद्याने केलेलं, आणि तिथे विरोधक लागतातच.

रिपब्लिकन निक्सन बघा. 1969 ला आले तेव्हा दोन्ही सभागृहं विरोधात होती, नव्या राष्ट्राध्यक्षाच्या वाट्याला हे 1849 च्या टेलरनंतर पहिल्यांदाच आलेलं. सुप्रीम कोर्टासाठी त्यांनी सुचवलेली दोन नावं सिनेटने लागोपाठ पाडली. आणि तरीही 1970 मध्ये पर्यावरण संरक्षण संस्था उभी राहिली, हवेच्या प्रदूषणाचा कडक कायदा झाला! कारण लोक धुरामुळे आणि घाण नद्यांमुळे संतापलेले होते, तिकडे सिनेटर मस्की हे डेमोक्रॅट त्याच विषयावर झटत होते आणि 1972 च्या निवडणुकीला तेच समोर उभे राहतील असं निक्सनना वाटत होतं, म्हणजे श्रेय कोणाला याची शर्यत लागली आणि त्या शर्यतीत काम होऊन गेलं.

डेमोक्रॅट राष्ट्राध्यक्ष ट्रुमन नवीन नव्हते, पण त्यांचं उदाहरण सोडवत नाही. युद्धात मोडलेल्या युरोपला मदत द्यायची होती आणि काँग्रेस रिपब्लिकनांची. योजनेला स्वतःचं नाव दिलं तर ती पडेल हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, म्हणून सगळे मानत त्या जनरल मार्शलचं (तेव्हाचे त्यांचे परराष्ट्रमंत्री) नाव दिलं, आणि 1948 ला ती पास झाली. माझ्या मते इतकं मोठं मन राजकारणात फार कमी दिसतं.

माझी मोठी बहीण व्हीलचेअरवर आहे. मुलाकडे न्यू जर्सीला गेली तेव्हा बसवाल्याने लिफ्ट खाली केली आणि ती कोणाच्याही खांद्याचा आधार न घेता बसमध्ये चढली, फोनवर हे सांगताना तिचा आवाज भरून आला होता. ती लिफ्ट सक्तीची झाली 1990 च्या अपंगांच्या हक्कांच्या कायद्यामुळे, सही थोरल्या बुशची आणि मतं दोन्ही पक्षांची. विभागलेल्या सत्तेत काही होत नाही असं कोणी म्हणालं की मला ती बस आठवते.

उलटं उदाहरण तैवानचं. लाई छिंग-ते मे 2024 मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले, 113 च्या सभागृहात त्यांच्या पक्षाचे 51. बजेटवरून भांडण इतकं पेटलं की विरोधी आमदारांना परत बोलावण्याची मोहीम निघाली आणि सत्ताधारी पक्ष तिच्या पाठीशी उभा राहिला. 26 जुलै 2025 ला 24 जणांवर मतदान झालं, ऑगस्टमध्ये आणखी सातांवर, एकही हटला नाही. वर्ष गेलं आणि समोर माणसं तीच.

म्हणून भाच्याला मी सांगतो, पहिल्या काही महिन्यांत भाषणं ऐकू नकोस, समोरच्या पक्षातल्या कोणाला बोलावून बसवलं ते बघ, कारण विजय ताजा असतो तोवरच ते लोक ऐकतात. यावर तो विचारतो की मग स्वतःच्या मतदारांचं काय, त्यांना हे चालतं? नेहमी नाही चालत. बुशनी नवे कर लावणार नाही असा शब्द दिला होता, 1990 ला तूट कमी करायला डेमोक्रॅट्सशी तडजोड करून कर वाढवले, मला तो निर्णय आजही बरोबर वाटतो, पण त्यांच्याच पक्षातले लोक बिथरले आणि 1992 ला ते हरले.