सरांनी शिकवलेली पंचगिरी

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी मनोगत पाठवावे असे शाळेचे पत्र आले, तेव्हा लिहायचे ते आपल्या क्रीडाशिक्षक सरांविषयीच, हे मनाशी लगेच ठरले. इतर गुरुजनांनी क्षमा करावी. सर तरुणपणी कंपनीच्या संघातून खेळले, पुढे शाळेत आले आणि रविवारी पांढरा कोट चढवून पंच म्हणून उभे राहू लागले.

त्यांचे दैवत मात्र फ्रँक टॅरंट. मेलबर्नचा हा अष्टपैलू खेळाडू इंग्लंडला जाऊन मिडलसेक्सकडून व्यावसायिक म्हणून खेळला आणि १९०७ ते १९१४ या प्रत्येक हंगामात त्याने हजार धावा व शंभर बळी मिळवले. तरीही कसोटी खेळण्याचा योग त्याच्या नशिबी नव्हता. तेव्हा तिकडे हौशी आणि पगारी खेळाडूंच्या खोल्यासुद्धा वेगळ्या असत, हे सांगताना सरांचा आवाज चढे. पुढे टॅरंट कूचबिहार आणि पतियाळाच्या महाराजांच्या पदरी राहिला. १९१८ साली आपल्या पुण्यातच लॉर्ड विलिंग्डन यांच्या संघाविरुद्ध त्याने नाबाद १८२ धावा केल्या आणि एका डावात दहाही गडी बाद केले. एवढे असूनही सर रंगून जात ते १९३३ च्या बॉम्बे जिमखान्यावरील सामन्यात. भारतातील त्या पहिल्या कसोटीत लाला अमरनाथांनी ११८ धावा काढल्या हे सर्वांना पाठ असते. पंच टॅरंट आणि बिल हिच होते, हे आम्हा मुलांखेरीज फारसे कोणास ठाऊक नसावे.

संघातील प्रत्येकाने आळीपाळीने पंच व्हायचे, असा सरांचा दंडक होता. चेंडू मोजण्यासाठी खिशात सहा चिंचोके ठेवायचे आणि टाकलेल्या प्रत्येक चेंडूमागे एक दुसऱ्या खिशात टाकायचा. दहावी विरुद्ध शिक्षक या सामन्यात मी उभा असताना सरांचा लेगस्पिन आमच्या सलामीवीराच्या पॅडवर आदळला आणि त्यांनी असे काही अपील केले की व्हरांड्यातले सगळे उठून उभे राहिले. मी मान हलवून नकार दिला. षटक संपल्यावर माझ्याकडून टोपी घेताना त्यांनी हळूच विचारले, “टप्पा?” मी म्हटले, “लेगच्या बाहेर, सर.” “मग पायचीत कसा देशील?” एवढेच बोलून ते स्लिपमध्ये गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःची, समासात पेन्सिलीने टिपणे केलेली नियमपुस्तिका माझ्या हाती ठेवली. त्याच पुस्तिकेवर अभ्यास करून मी पंचांची परीक्षा उत्तीर्ण झालो आणि आज जिल्हा सामन्यांत पंच म्हणून काम करतो.

आता मैदानाच्या पश्चिमेला नवी इमारत आली आहे, मॅट गुंडाळून ठेवायची खोली गेली आहे, आणि पालक विचारतात ते केवळ फलंदाजीच्या वर्गाविषयी. पंचगिरी शिकायला कोणी येत नाही, याचे सरांना फार वाईट वाटले असते. शाळेने जागा दिल्यास शनिवारी सकाळी असा वर्ग विनामूल्य घेण्याची माझी तयारी आहे. मुख्याध्यापकांना तसे पत्रही दिले आहे.