तुम्ही विचारलंत म्हणून: लोगनचं एवढं काय?

"हिमालय सोडून त्या लोगनचं काय घेऊन बसलात?" डोंगरांचा विषय निघाला की हा प्रश्न ठरलेला. लोगन पर्वताची उंची सांगितली की विचारणाऱ्याचा उत्साहच मावळतो. 5959 मीटर. सहा हजारांनाही 41 कमी!

कबूल. पण लोगनकडे उंचीसाठी बघायचंच नाही, बघायचं ते त्याच्या पसाऱ्याकडे. कॅनडाच्या युकॉनमध्ये, अलास्काच्या सीमेजवळ, सेंट इलियास रांगेत हा ऐसपैस बसलाय. ज्वालामुखी सोडले तर पायथ्याचा एवढा घेर दुसऱ्या कुठल्या पर्वताला नाही असं मानतात. वर निमुळतं टोक नाहीच. सुमारे 20 किलोमीटर लांबीचं हिमपठार आणि त्यावर विखुरलेली शिखरं. अलास्काच्या आखातावरची ओली हवा येऊन याच्यावर आदळते, मग दिवसचे दिवस बर्फ कोसळत राहतो. शिवाय इतक्या उत्तरेला हवा आणखी विरळ. तेवढ्याच उंचीच्या हिमालयी शिखरापेक्षा इथे धाप जास्त लागते.

पहिली चढाई 1925 ची. नेता अल्बर्ट मॅकार्थी. या गड्याने आधीचा हिवाळा नुसता सामान पुढे नेऊन ठेवण्यात घालवला, कुत्र्यांच्या गाड्या जुंपून. मग मे-जूनमध्ये चिटिना नदीच्या खोऱ्यातून पायी, पुढे हिमनद्यांवरून. 23 जूनच्या संध्याकाळी सहा जण माथ्यावर पोचले आणि बघतात तर काय, खरं शिखर अजून तीनेक किलोमीटर पलीकडे! मी असतो तर तिथेच बसकण मारली असती. ते उतरले, पुन्हा चढले आणि खरा माथा गाठला. परतताना हवा बिघडली. खुणेसाठी रोवत आणलेल्या विलोच्या काठ्या सापडेनात, तेव्हा बर्फात खड्डे खणून त्यांनी रात्र काढली.

1965 मध्ये सहा जण लोगनच्या हमिंगबर्ड नावाच्या धारेने चढले. एका टप्प्यावर तर धारेचा बर्फ चक्क फावड्याने कापत वाट काढावी लागली. महिन्याहून जास्त दिवस ते त्या धारेवर होते.

आता स्की लावलेलं विमान थेट हिमनदीवर उतरवतं. हवा बिघडली की तेच विमान न्यायला येत नाही, मग बसा तंबूवरचा बर्फ उपसत.

यापुढचा प्रश्नही ठरलेला: "तुम्ही चढलात का?"

नाही हो. नकाशावर मात्र लोगनवर जाणारी किंग ट्रेंचची वाट बोटाने इतक्यांदा चढलोय की तिथला कागद विरत आलाय.