मामा, तुमच्याकडे किती वेळा?

मे महिन्यात ताईकडे न्यू जर्सीला होतो. भाचा आठवीत, दुसऱ्या दिवशी त्याची सिव्हिक्सची टेस्ट, म्हणून मी आणि दाजी डायनिंग टेबलावर त्याला प्रश्न विचारत बसलेलो. प्रेसिडेंट व्हायला काय लागतं? वय 35, देशात 14 वर्षं राहिलेला पाहिजे आणि जन्मापासूनचा नागरिक पाहिजे. एवढं धडाधड बोलून तो थांबला आणि म्हणाला, "म्हणजे बाबा, तुम्ही नाही होऊ शकत. मी होऊ शकतो." दाजींनी तीन वर्षांपूर्वी नागरिकत्वाची शपथ घेतली, तेव्हा हातात दिलेला छोटा झेंडा अजून फ्रिजवरच्या पेनांच्या डब्यात उभा आहे. ते काही बोलले नाहीत, नुसता त्याच्या पाठीवर हात ठेवला. मलाच आत कुठेतरी लागलं.

आपल्याकडे हे नाही बरं का. कलम 58 राष्ट्रपतीसाठी भारताचा नागरिक, 35 वर्षं पूर्ण आणि लोकसभेवर निवडून यायला पात्र असा माणूस मागतं, जन्म कुठे झाला ते विचारतच नाही. पंतप्रधानाचंही तसंच. 1999 ला याच प्रश्नावरून, म्हणजे सोनिया गांधींचा जन्म परदेशातला म्हणून, पवार, संगमा आणि तारिक अन्वर यांना काँग्रेसने काढलं आणि राष्ट्रवादी जन्माला आली, तेव्हा आमच्या घरात जेवताना रोज वाद व्हायचे आणि मी पवारांच्या बाजूने तावातावाने बोलायचो. आज नाही बोलणार. दाजींचा चेहरा बघितल्यावर तर नाहीच.

मग पुढचा प्रश्न आला, टर्मचा. प्रेसिडेंट रूझवेल्ट चार वेळा निवडून आले, 1945 ला पदावर असतानाच गेले, आणि 1951 ला बावीसावी दुरुस्ती लागू झाली की दोनदाच निवडून यायचं, बास. भाच्याने विचारलं, "मामा, तुमच्याकडे किती वेळा?"

कितीही वेळा. राष्ट्रपतीला कलम 57 पुन्हा उभं राहू देतं, एकापेक्षा जास्त वेळा निवडून आले ते फक्त राजेंद्रप्रसाद, पण तो रिवाज आहे, नियम नाही. पंतप्रधानाला तर मर्यादाच नाही, नेहरू 1947 पासून 1964 ला जाईपर्यंत होते.

"का?" म्हणाला. मी बाबासाहेबांचं सांगितलं. 4 नोव्हेंबर 1948 ला घटनेचा मसुदा मांडताना ते म्हणाले होते की अमेरिकेच्या पद्धतीत स्थैर्य जास्त, आपल्या पद्धतीत जबाबदारी जास्त, कारण इथे सरकारची झडती रोज संसदेत होते, निवडणुकीची वाट बघावी लागत नाही. म्हणजे रोज उतरवता येतो त्याला टर्म कशाला मोजायची. वाजपेयींचं सरकार एप्रिल 1999 ला एका मताने पडलंच की.

पण रात्री झोप लागेना. ते सरकार आघाडीचं होतं, मित्रपक्ष निघून गेला म्हणून पडलं. एकाच पक्षाचं बहुमत असेल तर? 1985 ला पक्षांतरबंदी आली, आयाराम-गयाराम थांबावेत म्हणून आली ते बरोबरच, पण तेव्हापासून व्हिप, म्हणजे मत कुणाला द्यायचं याचा पक्षाचा आदेश, मोडला की खासदारकी जाऊ शकते. म्हणजे ज्या माणसाने आपल्याच नेत्याची रोज झडती घ्यायची त्याने विरोधात हात वर केला तर तोच घरी. मग बाबासाहेबांच्या ज्या भरवशावर मर्यादा नको म्हणता येत होतं तो भरवसा राहिला कुठे? मला मनापासून वाटतं, एकतर विश्वासाच्या ठरावावर खासदाराला मोकळं करा, नाहीतर पंतप्रधानाला दहा वर्षांची मर्यादा घाला. पक्ष कुठलाही असो. दार सगळ्यांना उघडं ठेवलंय ते फार चांगलं केलंय, पण आत गेलेल्याने कधीतरी बाहेर यायलाही पाहिजे ना.

भाच्याला त्या रात्री मी एवढंच बोललो होतो की आमच्याकडे रोज परीक्षा असते. ते अर्धंच उत्तर होतं. रविवारी फोन करतो तेव्हा व्हिपचं सांगणार आहे.