नव्वद दिवस नव्हे, तीसच

6 मेच्या संध्याकाळी एक शेतकरी आपल्या मुलाला घेऊन माझ्या वकिलीच्या ऑफिसात आले. वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायालयाने 12 मार्चला त्यांच्याविरुद्ध साठेखताच्या विशिष्ट पूर्ततेचा, म्हणजे करारात ठरल्याप्रमाणे जमिनीचं खरेदीखत करून देण्याचा, निकाल दिला होता. जमिनीची किंमत आता कोटीच्या पुढे गेली आहे, म्हणजे अपील हायकोर्टात आणि मुदत नव्वद दिवस, 10 जूनपर्यंत वेळ आहे, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं.

मी आधी दाव्यातला मूल्यांकनाचा परिच्छेद उघडला. अपील कुठे जाणार हे दाव्यातल्या मूल्यांकनावर ठरतं, आजच्या बाजारभावावर नाही. विशिष्ट पूर्ततेच्या दाव्यात मूल्यांकन साठेखतातल्या मोबदल्यावर होतं आणि इथे तो होता 8 लाख 40 हजार. म्हणजे अपील जिल्हा न्यायालयात, आणि मुदत कायद्याच्या अनुच्छेद 116 प्रमाणे तीस दिवस.

मुलगा म्हणाला, "साहेब, नक्कल तर 2 मेला हातात आली. तीस दिवस तिथून धरायचे ना?" हा समज जवळजवळ प्रत्येक पक्षकाराचा असतो, आणि त्यानेच अपिलं बुडतात. मुदत निकालाच्या तारखेपासून चालते. निकालाचा दिवस सोडायचा आणि कलम 12 प्रमाणे नक्कल तयार व्हायला लागलेले दिवस वजा करायचे. तयार नक्कल खिडकीवर पडून राहिली तर ते दिवस पक्षकाराच्या खात्यात जातात.

नकलेच्या मागचा शिक्का वाचला: अर्ज 28 मार्च, फी भरायला सांगितली 9 एप्रिल, भरली 11 एप्रिल, नक्कल तयार 24 एप्रिल, दिली 2 मे. मूळ तीस दिवस 11 एप्रिलला संपत होते. 28 मार्च ते 24 एप्रिल हे 28 दिवस मिळवले तर शेवटची तारीख 9 मे. पण फी भरायला लावलेले दोन दिवस अर्जदाराचे, असं समोरचा वकील म्हणणारच. ते वगळले तर 7 मे. अशा वेळी कडक हिशेबच धरावा. म्हणजे दुसऱ्याच दिवशी दाखल करायचं.

उशीर झालाच तर कलम 5 खाली विलंब माफीचा अर्ज देता येतो, कारण खरं असेल तर कोर्टं उदारही असतात. खरा फटका स्थगितीला बसतो. दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश 41 नियम 3-अ सांगतो की उशिरा आलेलं अपील ऐकायचं असं कोर्ट ठरवत नाही तोवर हुकूमनाम्याच्या (निकालावरून निघणाऱ्या औपचारिक आदेशाच्या) अंमलबजावणीला स्थगिती देता येत नाही. नुसतं अपील दाखल केल्याने दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीची कारवाई, थांबत नाही. तेवढ्यात कोर्टामार्फत खरेदीखत होऊन जमीन तिसऱ्याच्या नावावर गेली, तर माफ झालेल्या विलंबाचं करायचं काय?

रात्रीत अपिलाचा मेमो, मुद्दे, वकीलपत्र, पत्त्याचं निवेदन आणि प्रतिज्ञापत्रासह स्थगितीचा अर्ज तयार केला. सोबत निकालपत्राची सही-शिक्क्याची नक्कल. हुकूमनाम्याची नक्कल अजून मिळाली नव्हती. 2002 पासून लागू असलेल्या दुरुस्तीनंतर निकालपत्राची प्रत जोडली की पुरतं, हुकूमनाम्याच्या नकलेसाठी थांबून दिवस घालवू नयेत. मुदतीचा हिशेब तारखांसह वेगळ्या कागदावर लावला. फाइलिंगचे कारकून आक्षेप काढतात तो बहुधा इथेच, आणि कागद समोर असला की चर्चा मिनिटात संपते. कोर्ट फी शेतकऱ्यांनी सकाळी आणून दिली. पैसे कमी पडले असते तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 149 खाली उरलेली फी नंतर भरायची परवानगी मागता आली असती. दाखल करणं मात्र त्यासाठी अडवायचं नाही.

7 मेला अकराच्या सुमारास अपिलाला फाइलिंग क्रमांक पडला. वादीने, म्हणजे जमीन घेणाऱ्याने, कॅव्हेट (आपल्याला ऐकल्याशिवाय आदेश करू नये असा आगाऊ अर्ज) टाकून ठेवलं होतं, म्हणून स्थगितीच्या अर्जाची प्रत त्यांच्या वकिलांना द्यावी लागली आणि त्यांना ऐकल्याशिवाय आदेश झाला नाही. सुट्टी लागण्याआधी सुनावणी झाली. अपिलाचा निकाल होईपर्यंत जमीन कुणाला विकायची नाही, बोजा चढवायचा नाही, या अटीवर खरेदीखताला स्थगिती मिळाली.