उभ्याउभ्या फरशी

हातात धरायला दांडा, दांड्याला बटण आणि बटणाशेजारी दिवा एवढं असलं की पुरुषांना घरकाम आवडतं, असं माझं अलीकडचं निरीक्षण आहे. आमच्याकडे ओलं-सुकं दोन्ही ओढून घेणारा, बिनवायरचा व्हॅक्यूम मॉप आला आणि ज्या गृहस्थांना फरशीचं फडकं कुठे वाळत घालतात हे ठाऊक नव्हतं, ते रविवारी नाश्त्याआधी हॉल पुसून मोकळे व्हायला लागले. वर "अगं, इकडे येऊ नकोस, ओलं आहे" हे वाक्यही आता त्यांचं. इतकी वर्षं ते माझं होतं.

यंत्र तसं साधं आहे. खाली एक मऊ, केसाळ रोलर. पुढच्या टाकीतलं स्वच्छ पाणी त्याच्यावर झिरपतं, रोलर गरगर फिरत फरशी घासतो, एक पट्टी त्याला दर फेरीला पिळून काढते आणि ते पिळलेलं पाणी केरासकट दुसऱ्या टाकीत ओढलं जातं. म्हणजे फरशीला दर वेळी ताजं पाणी लागतं. बादलीत हे होत नाही. बादलीतलं पाणी पहिल्या खोलीपुरतंच पाणी असतं. दुसऱ्या खोलीपासून आपण बेडरूममधली धूळ स्वयंपाकघरात आणि स्वयंपाकघरातलं तेल देवघरासमोर वाटत फिरत असतो. पाणी बदलावं हे सगळ्यांना कळतं, पण भरलेली बादली मोरीपर्यंत नेऊन ओतायची आणि पुन्हा भरायची म्हटलं की "चालतंय, एवढं काही मळलेलं नाही" असं आपलं आपल्यालाच सांगितलं जातं.

या टाकीत पाणी मावतं जेमतेम पाऊण लिटर. एवढ्यात हॉल आणि दोन खोल्या निघतात यावर सासूबाईंचा अजून विश्वास नाही. "तांब्याभर पाण्यात घर कसं पुसलं जाईल गं?" असं त्या यंत्राकडे बघत विचारतात. यंत्रालाच विचारतात, कारण मी दिलेलं उत्तर त्यांना पटलेलं नाही.

खरी करामत ओढण्यात नाही, दाखवण्यात आहे. घाण पाण्याची टाकी पारदर्शक असते. घर सकाळीच पुसून झालंय, फरशीत ट्यूबलाइट दिसतेय, अशा वेळी सहज म्हणून यंत्र फिरवावं आणि टाकीत बघावं. कटिंग चहाच्या रंगाचं पाणी, त्यात तरंगणारे लांब केस, मोहरीचे दोन-चार दाणे, कोथिंबिरीची एक काडी आणि तळाशी बसलेला बारीक काळा गाळ. आमच्या रस्त्यावर जुन्या सोसायट्या पाडून टॉवर उभारणं अखंड चालू असतं, त्यामुळे या गाळात निम्मं सिमेंट असणार अशी माझी अटकळ आहे. हा गाळ पूर्वी नव्हता असं नाही. तो बादलीतून मोरीत जायचा आणि विषय मिटायचा. आता तो समोर दिसतो, आणि एकदा दिसला की आदल्या दिवशीच्या गाळाशी तुलना सुरू होते. आमच्याकडे पाहुण्यांना चहाआधी टाकी दाखवली जाते. "बघा, एकाच खोलीचं आहे हं हे!" यातला अभिमान नेमका कशाचा, ते विचारायचं धाडस पाहुण्यांना होत नाही.

ही हौस तशी जुनी आहे. 1901 साली लंडनमध्ये ह्यूबर्ट सेसिल बूथ नावाच्या इंजिनियरानं ओढून घेणारं सफाईयंत्र केलं. त्याआधी त्यानं धूळ फुंकून उडवणारं एक यंत्र पाहिलं होतं, आणि फुंकण्यापेक्षा ओढून का घेऊ नये असं त्याच्या मनात आलं. पडताळा म्हणून त्यानं एका हॉटेलातल्या गादीच्या खुर्चीवर रुमाल ठेवून तोंडानंच हवा ओढून पाहिली. ठसका लागला, पण रुमालाची खालची बाजू काळी झाली आणि कल्पना सिद्ध झाली. त्याचं यंत्र घोड्यांनी ओढायच्या गाड्याएवढं होतं. ते रस्त्यावर उभं करायचं आणि लांबलचक नळ्या खिडक्यांतून घरात सोडायच्या. 1902 मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी वेस्टमिन्स्टर अॅबीतले गालिचे त्यानंच साफ केले. मग श्रीमंत बायका मैत्रिणींना चहाला बोलावून घरची सफाई दाखवायला लागल्या, आणि धूळ जाताना दिसावी म्हणून नळीचा काही भाग पारदर्शक केलेला असे. म्हणजे चहाआधी घाण दाखवणारे आमचे हे एकटे नाहीत. त्यांना मी हे सांगितलं नाही. उगाच आणखी बळ मिळायचं.

मात्र बूथचं यंत्र गालिच्यासाठी होतं, आणि मराठी घराला गालिचा परका. आपल्याकडे शहाबादी, मग मोझॅक, ओट्याला कडप्पा आणि आता घरोघरी गुजरातेतल्या मोरबीहून येणाऱ्या गुळगुळीत टाइल्स. 1982 मध्ये युरेका फोर्ब्स सुरू झाली आणि टाय लावलेले विक्रेते दारोदार व्हॅक्यूम क्लीनर दाखवायला लागले. ते प्रात्यक्षिक बघायला मजा यायची, पण ते व्हायचं गादीवर नाहीतर सोफ्यावर. फरशीसाठी केरसुणी होती, आणि तिच्याशी बरोबरी करणं सोपं नव्हतं. शिवाय आपल्या हिशेबात नुसता केर काढला म्हणजे घर स्वच्छ झालं असं होतच नाही. पाण्याचा हात फिरल्याशिवाय ते पारोसंच. पाण्याला घाबरणारं यंत्र त्यामुळे आपल्याकडे अर्धंच काम करणारं ठरलं. हे नवं यंत्र पाणी वापरतं, म्हणून त्याला घरात घ्यायला कुणाची हरकत नव्हती.

न्यू जर्सीतल्या माझ्या भाचीकडेही असंच यंत्र आहे, पण तिचं कारण अगदी उलटं. तिच्याकडे लाकडी फरशी आहे. पाणी साचून राहिलं की लाकूड फुगतं, त्यामुळे तिला पाणी कमीत कमी हवं असतं आणि लगेच उचललेलं हवं असतं. ती पाण्याच्या धास्तीनं तेच यंत्र फिरवते, आणि आम्ही पाण्याच्या हौसेनं.

मला विचाराल तर यातली मोलाची गोष्ट मोटर नाही की बॅटरी नाही. दांडा. कोकणात आजोळी जमीन सारवताना आजी उकिडवी बसून मागे मागे सरकत जायची. हातात पोतेरं, शेजारी शेणाचं टमरेल, आणि दारापर्यंत पोचली की कमरेवर हात ठेवून उठायची. त्या उठण्याला वेळ लागायचा. पुढे शेणाची जमीन गेली, फरशी आली, पोतेऱ्याचं फडकं झालं, पण बसणं तेच राहिलं. इंग्लंडात गुडघ्यांवर बसून लाद्या घासणाऱ्या बायकांच्या गुडघ्याच्या वाटीपुढची पिशवी सुजायची, आणि डॉक्टर त्या दुखण्याला मोलकरणीचा गुडघाच म्हणत. स्पेनमध्ये मान्युएल हालोन हा विमानांचा इंजिनियर होता. अमेरिकेत त्यानं विमानं ठेवतात त्या हँगरची जमीन उभ्यानं पुसताना पाहिली आणि 1956 मध्ये सारागोसा शहरात दांड्याचा मॉप आणि तो पिळायची बादली विकायला सुरुवात केली. मॉप काही त्याआधीही होते. अमेरिकेत टॉमस स्टुअर्टनं पिळता येणाऱ्या मॉपचं पेटंट 1893 मध्येच घेतलं होतं. पण स्पेनमध्ये बायकांना गुडघ्यांवरून उठवलं म्हणून लोक हालोनला आठवतात. विमानांबद्दल त्याला कोण आठवतंय कोण जाणे.

आपल्याकडे दांड्याचा मॉप येऊनही त्याला मान मिळाला नाही. उभ्यानं पुसलं म्हणजे वरवर पुसलं, असा घरोघरीचा निकाल. हा निकाल देणाऱ्या बायका स्वतः खाली बसत नसत, हेही इथेच सांगून टाकते. आमच्याकडे येणाऱ्या मावशी सकाळपासून पाच-सहा घरं करतात. त्यांच्या गुडघ्यांचा आवाज मला ओट्यापाशी ऐकू यायचा.

मावशींनी यंत्राकडे पहिले काही दिवस लांबूनच बघितलं. मग एके दिवशी हातात घेतलं, हॉलभर फिरवलं आणि मत दिलं. "वैनी, मधलं झकास निघतं. पन कडंला तोंड घालता येत न्हाई याला." अगदी खरं. भिंतीच्या कडेनं बोटभर पट्टी कोरडी राहते, आणि कोपऱ्यातली धूळ जिथल्या तिथे. नवीन नमुन्यांत रोलर अगदी कडेपर्यंत नेलेला असतो म्हणे, पण आमचं त्यातलं नाही. त्यांची दुसरी तक्रार वासाची. पाण्यात फिनेल घालू नका असं पुस्तिकेत बजावलेलं आहे, फेस होणारंही काही चालत नाही. "वास न्हाई, काय न्हाई. मग पुसलं कशावरनं?" यावर माझ्याकडे खरंच उत्तर नव्हतं. मी टाकी दाखवली. त्यांनी टाकीत पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "म्हंजे एवढं घान राहत हुतं व्हय माझ्या हातानं?" त्यानंतर मी त्यांना टाकी दाखवलेली नाही.

पण चालवण्याची ढब त्यांनी आमच्या कुणाहीपेक्षा लवकर पकडली. आमचे हे यंत्र पुढे रेटत जातात. चाकं रोलरच्या मागे असल्यामुळे ओल्या फरशीवर त्यांच्या दोन रेघा उमटत राहतात, आणि त्या वाळल्या की खिडकीच्या उजेडात स्पष्ट दिसतात. मावशी खोलीच्या आतल्या टोकापासून सुरुवात करून यंत्र आपल्याकडे ओढत, मागे मागे दाराशी येतात. रोलर स्वतःच्याच चाकांच्या रेघा पुसत येतो. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

पिठाचं मात्र यंत्राला वावडं आहे. पोळ्या लाटताना सांडलेल्या कणकेवर ते फिरवलं तर आत नळीत चक्क गोळा तयार होतो. रांगोळी तळाशी दगडासारखी बसते, कुंकवानं रोलर गुलाबी होतो तो होतोच. सणावारी म्हणून आधी केरसुणी आणि मग यंत्र. लक्ष्मीपूजनाला पूजा केरसुणीचीच होते, आणि मला वाटतं ते योग्यच आहे.

पावसाळ्यात मात्र याला तोड नाही. जुलैत फडक्यानं पुसलेली फरशी पंखा लावूनही ओलसर राहते, मग तिच्यावर पावलं उमटतात आणि पुन्हा पुसा. हे यंत्र पाणी टाकता टाकता उचलतं, त्यामुळे दोन-चार मिनिटांत चप्पल न घालता चालता येतं. सासूबाईंना घसरायची भीती आहे, म्हणून निव्वळ एवढ्यासाठी मी त्याचे बाकीचे दोष पोटात घालते.

दोष म्हणजे, पुसून झाल्यावर यंत्राची उठबस करावी लागते. स्टँडवर ठेवून बटण दाबलं की रोलर स्वतःला धुतो, त्याचा आवाज मिक्सरच्या वरताण. मग गरम हवेनं त्याला वाळवायचं, नाहीतर कुबट वास. पण घाण पाण्याची टाकी कुणीतरी हातानंच ओतायची असते. जाळी धुवायची, पिळणाऱ्या पट्टीत गुंडाळलेले केस जुन्या टूथब्रशनं ओढून काढायचे. या भागाला ना दांडा आहे, ना दिवा. त्यामुळे रविवारचा उत्साह हॉलच्या दारापाशी संपतो आणि टाकी संध्याकाळपर्यंत भरलेली राहते. सोमवारी मावशी दार उघडल्या उघडल्या नाक मुरडतात.

गेल्या आठवड्यात त्यांनी विषय काढलाच. केर-फरशीचे ठरलेले पैसे आहेत, भांड्यांचे आहेत, धुण्याचे आहेत.

"मशीनची आंघोळ यात धरलेली नाय वैनी. तिचे येगळे."

मी म्हटलं, आता बसून पुसावं लागत नाही, तेवढं काम हलकं झालं की नाही?

"झालं की. म्हनून फरशीचे वाढवून मागितले न्हाईत औंदा."

आमचे हे पेपरामागून म्हणाले की दीडशे जास्त द्यायला काही हरकत नाही. मावशींनी तीनशे सांगितले होते.