कंसातले पंधरा दिवस

‘माझी समजूत वेगळी होती’ एवढ्याच आधारावर करारातून मोकळे होऊ पाहणारा पक्षकार समोर बसला, की मला मुंबई उच्च न्यायालयाचा १८९२ सालचा एक निवाडा आठवतो.

हाजी अब्दुल रहमान अल्लारखिया यांनी हजहून परतणाऱ्या यात्रेकरूंना मुंबईला आणण्यासाठी बॉम्बे अँड पर्शिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीची आगबोट भाड्याने ठरवली. ती जेद्दाहून १० ऑगस्ट १८९२ रोजी सुटणार होती, आणि तारखेपुढे कंसात ‘हजनंतर पंधरा दिवसांनी’ असे लिहिलेले होते. पुढे लक्षात आले, की तो पंधरावा दिवस १९ जुलैलाच येतो. तब्बल बावीस दिवसांचा फरक! वादीने करारातली तारीख दुरुस्त करून मागितली, पण ती मिळाली नाही. कारण हजची तारीख कोणती याबद्दल कंपनीची काही समजूतच नव्हती, तिने व्यवहार केला होता तो इंग्रजी तारखेचा. चूक एकट्या वादीची होती.

तिथी आणि तारीख यांचा मेळ घालताना आपणही पंचांग दोनदा पाहतो, त्यामुळे मला या वादीबद्दल सहानुभूती वाटते. तरीही निवाडा मला योग्यच वाटतो, कारण कंपनीने त्याला फसवले नव्हते आणि त्याच्या मनातला हिशेब तिला कळण्याचा काही मार्गही नव्हता.

भारतीय करार कायदा, १८७२ यातील कलम २० नुसार कराराच्या दृष्टीने अत्यावश्यक अशा वस्तुस्थितीबाबत दोन्ही पक्ष चुकले असतील तर करार शून्य ठरतो. कलम २२ मात्र सांगते, की केवळ एका पक्षाच्या तशा चुकीमुळे करार रद्द करता येत नाही. यातल्या ‘केवळ’ या शब्दाला फार वजन आहे. ती समजूत समोरच्याच्या कपटातून किंवा चुकीच्या निवेदनातून झाली असेल, तर कलम १९ चा आधार मिळू शकतो.

आणि समोरच्याला चूक दिसत असेल तर? सिंगापूरमध्ये ३,८५४ डॉलरचा लेझर प्रिंटर संकेतस्थळावर चुकून ६६ डॉलरला लागला, आणि सहा जणांनी मिळून १,६०६ प्रिंटर मागवले. किंमत चुकली आहे हे त्यांना ठाऊक होते, म्हणून तिथल्या अपील न्यायालयाने २००५ मध्ये ते करार शून्य ठरवले. आपल्याकडे हा निकाल बंधनकारक नाही, पण मला तो मनापासून पटतो.

मसुदा तपासताना एकाच मुदतीसाठी तारीखही दिसली आणि कंसात दिवसांची मोजणीही दिसली, तर त्यातले खरे कोणते हे मी पक्षकाराला विचारतो आणि दुसरे तिथेच खोडतो.